ताकद हातात यायला हवी: सुपरहिरोंच्या गेम कशा पारखाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेल लागला की सुपरहिरोंच्या पाच-सहा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर गेम स्वस्तात मिळतात. ट्रेलर सगळ्यांचेच जोरदार असतात. तरी काही गेम चाळीस तास हातातून सुटत नाहीत आणि काही तिसऱ्या दिवशी नकोशा होतात. हा फरक कशाने पडतो, आणि पैसे अडकायच्या आत तो कसा ओळखायचा? विचारणारे पुण्यात गेम डिझाइन शिकतात, म्हणून जोडप्रश्न: पुण्यात घडणारी अशी गेम करायची तर सुरुवात कुठून करावी?

माझी कसोटी एकच आहे. ताकद खेळणाऱ्याच्या हातात वाढते, की फक्त स्क्रीनवरच्या आकड्यांत? वीस तास खेळून झाल्यावर सगळे अपग्रेड काढून घेतले आणि गेम पहिल्यापासून सुरू करायला लावली, तर तुम्ही पहिल्या दिवसापेक्षा ठळकपणे चांगलं खेळाल का? खेळणार असाल तर गेम घेण्यासारखी आहे. ग्राफिक्स, पोशाखांची संख्या, नकाशाचा आकार हे सगळं त्यानंतर बघायचं.

आधी फिरण्याचं बघू, कारण अशा गेममधला निम्मा वेळ इकडून तिकडे जाण्यातच जातो. ट्रेयार्कने 2004 साली केलेल्या ‘स्पायडर-मॅन 2’ने मोठा बदल केला तो इथेच. त्यात जाळं खऱ्या इमारतीला चिकटावं लागे. त्याआधीच्या गेममध्ये ते सरळ आभाळाला चिकटायचं. इमारत लागणार म्हटल्यावर रस्ता निवडावा लागतो, उंची सांभाळावी लागते, आणि चुकलं तर का चुकलं ते कळतं. इन्सोम्नियाकची 2018 ची ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ याच वाटेने पुढे गेली. बटण दाबून धरलं की झोका, सोडलं की झेप. झोका अगदी खाली असताना सोडला तर पुढे जाण्याचा वेग मिळतो, वर चढताना सोडला तर उंची मिळते. नियम एवढाच, पण पहिल्या तासात माणूस भिंतींवर आपटत असतो आणि दहाव्या तासात चौक न थांबता कापतो. त्या नऊ तासांत कुठलाही आकडा वाढलेला नसला तरी चालतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. खऱ्या गुरुत्वाकर्षणात 20 मीटर दोरीच्या लंबकाला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला साधारण साडेचार सेकंद लागतात. कंट्रोलर हातात असताना हे फार संथ वाटतं. गुरुत्वाकर्षण तिप्पट केलं तर तोच झोका सुमारे 2.6 सेकंदांत होतो आणि अंगात येतो. कॅमेऱ्याचंही तसंच. वेग वाढला की तो थोडा मागे सरकावा, दृश्यकोन आठ-दहा अंशांनी रुंदावा, वाऱ्याचा आवाज चढावा. कॅमेरा हिरोला घट्ट बांधला तर डोकं गरगरतं. फार सैल सोडला तर पुढची इमारत वेळेत दिसत नाही.

उडणारा हिरो सगळ्यांत अवघड. हवेत अडथळा नसतो, त्यामुळे हाताला शिकण्यासारखंही काही उरत नाही. निन्टेन्डो 64 वरच्या 1999 च्या सुपरमॅनच्या गेममध्ये धुक्यातल्या रिंगांमधून उडत राहावं लागे. ती आजही वाईट गेमचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. 2006 च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’ने चांगला विचार केला होता. सुपरमॅनला काही होतच नाही, मग हेल्थ बार, म्हणजे जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी, मेट्रोपोलिस शहराचा ठेवला. हिरो अजिंक्य, पण शहर मोडू शकतं. करण्यासारखी कामं थोडी आणि तीच ती असल्याने गेम फिकी पडली, पण त्या एका कल्पनेसाठी ती अभ्यासावी.

यातूनच मर्यादेचा मुद्दा येतो आणि तो फार महत्त्वाचा आहे. हिरो काय करू शकत नाही हे गेमने स्वच्छ सांगितलं पाहिजे. सकर पंचच्या 2009 च्या ‘इन्फेमस’चा नायक कोल विजेवर चालतो. दिव्याच्या खांबातून वीज ओढून तो जखमा भरतो, पाण्यात पडला तर मरतो, आणि ज्या भागात लाइट गेलेली असते तिथे तो दुबळा होतो. शहरातला प्रत्येक खांब, प्रत्येक डबकं, प्रत्येक अंधारी गल्ली त्यामुळे कामाची बातमी होते. बॅटमॅनच्या अर्कम मालिकेत नुसत्या हातांनी लढणारे दहा जण त्याला भारी नाहीत, पण दोन बंदूकवाले त्याला बघता बघता संपवतात. लपायचं कारण तिथे कथेने सांगावं लागत नाही.

आता मारामारी. रॉकस्टेडीच्या ‘बॅटमॅन: अर्कम असायलम’ने 2009 मध्ये जी पद्धत बसवली तिची नक्कल आजवर चालू आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. एक बटण मारायचं, एक वार परतवण्याचं, एक केपने भोवळ आणण्याचं, एक उडी मारून निसटण्याचं. कंट्रोलरवरची स्टिक ज्या दिशेला असेल तिथला शत्रू गेम स्वतः निवडते आणि बॅटमॅन दोन-चार मीटर सरकत त्याच्यापर्यंत पोहोचतो. शत्रू वार करणार असेल तर त्याच्या डोक्यावर खूण चमकते. ठोसा हवेत गेला की कॉम्बो, म्हणजे सलग बसलेल्या ठोशांची साखळी, तुटतो. सलग आठ नीट बसले की खास वार मिळतो. अपग्रेड घेतल्यावर पाच पुरतात. घाईघाईने बटणं बडवणाऱ्याचा कॉम्बो सतत तुटतो. ठेका धरून प्रत्येक ठोशाला एकदाच बटण दाबणाऱ्याला पंधरा जणांच्या घोळक्यातून ओरखडाही न लागता बाहेर पडता येतं. तबल्यासारखंच आहे हे, बोल थोडे असतात आणि सगळी मजा समेवर येण्यात असते.

खरी खुमारी शत्रूंच्या मिश्रणात आहे. विजेच्या दांडकेवाल्याला समोरून मारता येत नाही, त्याच्यावरून उडी मारून पाठीमागून जावं लागतं. चाकूवाल्याला आधी भोवळ आणावी लागते. 2011 च्या ‘अर्कम सिटी’त ढालवाले आले, त्यांच्यावर हवेतून वार करावा लागतो. एकेकटा कुणीच अवघड नाही, पण तिघे एकत्र आले की कुणाला आधी घ्यायचं हा निर्णय दर दोन सेकंदांनी करावा लागतो. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’मध्ये निर्णय वेगळ्या ठिकाणी ठेवलाय. फोकसचा बार एकच, आणि तो जखम भरायला वापरायचा की शत्रूला एका फटक्यात संपवायला, हे तुम्ही ठरवायचं. घाबरलात तर बरे व्हाल पण गर्दी तशीच राहील. धीर धरलात तर गर्दी कमी होईल.

नक्कल करणाऱ्यांचं कुठे बिघडतं तेही सांगतो, कारण विकत घेताना हेच दोष शोधायचे असतात. माणसाला नजरेने दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. त्यात स्क्रीन आणि कंट्रोलरचा उशीर धरा. म्हणजे वाराची पूर्वसूचना 400 मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल तर हरल्यावर ‘माझं चुकलं’ असं वाटत नाही, फसवल्यासारखं वाटतं. कॅमेऱ्याच्या मागचा शत्रू वार करणार असेल तर आणखी वेळ द्यावा, नाहीतर त्याला थांबवून ठेवावं. एका वेळी किती जणांना वार करायची मुभा आहे हेही ठरलेलं असतं, बहुधा एक किंवा दोन. बाकीचे घिरट्या घालतात. ते नुसते रांगेत उभे दिसले की सगळं नाटकी वाटतं. चांगल्या गेममध्ये ते शिव्या देतात, पेटी उचलतात, जागा बदलतात. मग ठोशाचं वजन. बसल्याक्षणी चित्र तीन ते सहा फ्रेम गोठवतात, म्हणजे 60 एफपीएसला (सेकंदाला 60 चित्रं) 50 ते 100 मिलिसेकंद. हे नसेल तर हल्क मारतोय की कुणी उशी आपटतंय ते कळत नाही. जास्त झालं तर लढाई अडखळते. आणि बटण थोडं आधी दाबलं गेलं तरी 100-150 मिलिसेकंद गेमने ते लक्षात ठेवायला हवं. ज्या गेमबद्दल ‘बटण दाबलं तरी ऐकत नाही’ अशी तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा एवढंच राहून गेलेलं असतं.

बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या लढाईत ‘अर्कम सिटी’मधला मिस्टर फ्रीझ अजून कुणी ओलांडलेला नाही असं माझं मत आहे. त्याच्यावर एक युक्ती एकदाच चालते. जमिनीखालून पकडलंत, की तो त्या वाटा गोठवतो. वरून झेप घेतलीत, की ती जागा निकामी करतो. आतापर्यंत शिकलेलं सगळं एकेकदा वापरावं लागतं. उलट हेल्थ बार तिप्पट करून त्याच तीन वारांची पुनरावृत्ती करणारा बॉस ही वेळ वाढवायची सोय असते.

लपून खेळण्याबद्दल थोडक्यात. ‘असायलम’मध्ये भिंतीपलीकडचं दाखवणारी डिटेक्टिव्ह नजर इतकी उपयोगी होती की लोक ती कायम चालू ठेवायचे आणि सुंदर रंगवलेली जागा निळ्या सांगाड्यांत बघायचे. पुढच्या भागात सिग्नल अडवणारे शत्रू आणून तिच्यावर अंकुश ठेवला. आणि 2018 च्या स्पायडर-मॅनमधले मेरी जेनचे (हिरोच्या मैत्रिणीचे), ताकदीशिवाय लपत जायचे टप्पे? कुणी पाहिलं की थेट मागून सुरुवात. कथेत ते बसतात, हाताला मात्र ते शिकवत काहीच नाहीत. सुदैवाने थोडे आहेत.

आता आकड्यांचा रोग. 2020 ची ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ पाहा. थॉर, हल्क, आयर्न मॅन यांच्या हालचाली खरोखर निराळ्या आणि मेहनतीने बसवलेल्या होत्या. पण त्यावर गियरचे (अंगावर चढवायच्या साधनांचे) स्तर, टक्केवारी आणि त्याच त्या रोबोंच्या फौजा लादल्या. 30 सप्टेंबर 2023 ला ती विक्रीतूनच काढली गेली. 2022 ची ‘गॉथम नाइट्स’ तशीच. रस्त्यावरच्या साध्या गुंडाचा स्तर तुमच्यापेक्षा वर असला की तो ठोशावर ठोसे खात उभा राहतो. मोठमोठ्या खलनायकांना लोळवणारा हिरो भुरट्या चोरापुढे दमतो, आणि विश्वास तिथेच तुटतो. सर्वांत जास्त वाईट वाटतं ते 2024 च्या ‘सुसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग’चं, कारण ती ‘असायलम’ करणाऱ्या रॉकस्टेडीचीच. त्यात किंग शार्कसारख्या, माणसाच्या रूपातल्या शार्कच्याही हातात बंदूक दिली. खेळता येणाऱ्या चौघांची फिरण्याची पद्धत वेगळी, पण लढताना सगळे नेम धरून गोळ्याच झाडतात. नवा मजकूर वर्षभरात थांबला. खेळणाऱ्यांनी दर आठवड्याला परत यावं म्हणून आकडे चढवत न्यायचे, असा या गेमचा व्यवहार असतो. आकडा चढला की ठोसा तोच, वेळ तीच, फक्त समोरच्याची हेल्थची पट्टी लांब होते.

घेण्याआधी स्किल ट्रीचा (अपग्रेडच्या तक्त्याचा) एखादा व्हिडिओ शोधून पहिले दहा अपग्रेड वाचा. ‘हवेत असताना शत्रूला ओढता येतं’ ही नवी कृती आहे. ‘नुकसान 8 टक्के जास्त’ ही नाही. दहातल्या निदान पाच नव्या कृती नसतील तर मी ती गेम घेऊ नका म्हणेन.

जोडकामांचंही बघा. ‘असायलम’मध्ये रिडलरची (कोडी घालणाऱ्या खलनायकाची) 240 कोडी होती, पण बेट छोटं, जागा ओळखीच्या, आणि शोधताना कैद्यांच्या मुलाखतींच्या टेप ऐकायला मिळायच्या. 2015 च्या ‘अर्कम नाइट’मध्ये 243 आहेत, आणि ती सगळी सोडवल्याशिवाय पूर्ण शेवट बघायला मिळत नाही. संख्या जवळपास तीच, वागणूक उलटी. त्याच गेममध्ये बॅटमोबाइलच्या रणगाडा-लढाया इतक्या वेळा येतात की ज्यासाठी आपण आलो ते बाजूला पडतं.

कथेवर फार लिहीत नाही. चांगली कथा वाईट हातांना वाचवत नाही, एवढंच. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ (2021, आयडॉस-माँट्रियल) अपवादासारखी दिसते, कारण तिची लोकप्रियता संवादांमुळे आहे. पण तिथेही तुम्ही फक्त स्टार-लॉर्ड खेळता आणि बाकी चौघांना हुकूम देता. कुणाला कधी पाठवायचं हे कौशल्य हळूहळू चढतं. ही गेम बिनधास्त घ्या.

स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेत असाल तर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेलं असेल तर पैसे परत मिळतात. हे दोन तास जपून वापरावे लागतात. गेम उघडी असलेला सगळा वेळ मोजला जातो, म्हणजे पहिल्यांदा सुरू करताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची पट्टी सरकते तोही आणि सेटिंग चाळता तोही. शिवाय पहिली चाळीस मिनिटं बहुधा शिकवण्यात आणि दृश्यांत जातात. म्हणून दृश्यं सध्या वगळा आणि शहर मोकळं झालं की उंच जागा गाठा. नकाशावर किलोमीटरभर लांब खूण टाका आणि कुणाशी न लढता तिथे जा. असं तीनदा करा. तिसऱ्या वेळी वेळ कमी लागला आणि आपटलात तेव्हा चूक आपली वाटली, तर फिरणं पास. मग सहापेक्षा जास्त शत्रू शोधा आणि एकही गॅजेट न वापरता लढा. शेवटी अवघडपणा एक पायरी वाढवून तेच करा. शत्रू वेगळे वागू लागले तर उत्तम. फक्त त्यांची पट्टी लांबली तर पैसे परत घ्या.

मशिनमुळे चांगली गेमही वाईट ठरू शकते. 60 एफपीएसला एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, 30 ला 33.3 ची. वर सांगितलेल्या वेळा बघता हा फरक हाताला जाणवतोच. 60 टिकत नसेल तर सतत खालीवर होऊ देण्यापेक्षा 30 वर बांधून टाका. टीव्हीवर खेळताना गेम मोड चालू हवाच, नाहीतर चित्रावरच्या प्रक्रियेत पन्नास-शंभर मिलिसेकंद सहज वाढतात आणि परतवण्याची वेळ चुकत राहते. मोशन ब्लर (वेगात चित्र पुसट करणारी सोय) बंद करा. झोक्याने फिरणारी गेम हार्ड डिस्कवर टाकू नका, एसएसडीवरच टाका. शहर वेगाने वाचावं लागतं, डिस्क मागे पडली की इमारती उशिरा उमटतात नाहीतर चित्र अडकतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप अर्ध्या तासात तापून वेग कमी करतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या चाचणीवर जाऊ नका. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला आणि फ्रेम 60 वर बांधा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

आता पुण्यातल्या गेमचं. पहिली चूक म्हणजे मॅनहॅटनचा झोका जसाच्या तसा पेठांत आणणं. 20 मीटर दोरीचा झोका घ्यायचा तर दोरी अडकायची जागा रस्त्यापासून निदान 25 मीटर उंच हवी. सदाशिव-नारायण पेठेतली पाच मजली इमारत 15-16 मीटरची. हिरो रस्त्यावर घासत जाईल. पेठांची भूमिती वेगळी आहे: अरुंद बोळ, लागून असलेल्या गच्च्या, मध्येच जुन्या वाड्याची कौलं आणि आतला मोकळा चौक. इथे धाव, उडी आणि पकड यांची पद्धत बसवा. कौलावर पाय सरकतो, गच्चीवर सरकत नाही. पावसाळ्यात दोन्हीवर सरकतो. मर्यादा आपोआप मिळाली, आणि ती वर्षातले चार महिने नकाशा बदलून टाकते.

मुठा नदी मधून जाते, म्हणजे सलग गच्च्या तिथे तुटतात. उरतात त्या वाटा म्हणजे लकडी पूल, झेड ब्रिज, आणि नदीकाठाने उंचावरून जाणारी वनाज-रामवाडी मेट्रो. मेट्रोचा मार्ग लांब पल्ल्याचा कणा करा: धावत्या डब्यावर उतरणं हे वेळेचं कौशल्य आहे आणि ते हातात चढतं. पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी ही तरंगत उतरण्याची ठिकाणं. हिंजवडी आणि खराडीचे उंच टॉवर हवे असतील तर नकाशा दाबून जवळ आणावा लागेल. विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर माणसावर माणूस असतो, तिथे खाली लढताच येणार नाही. सगळं वरूनच करावं लागेल आणि खाली काही पडू द्यायचं नाही. हिरोची जबाबदारी संवादात न सांगता खेळात आणायची इतकी चांगली संधी दुसऱ्या शहरात क्वचितच मिळेल.

पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सची 2020 ची ‘राजी’ समोर ठेवा. सुपरहिरोची नाही, पण देवांची शस्त्रं मिळालेल्या मुलीची आहे. पाच-सहा तासांत संपते. तिच्यात भिंतीवर धावून किंवा खांबाभोवती गिरकी घेऊन वार करता येतो, म्हणजे फिरणं आणि लढणं एकाच जागेतून येतं. छोट्या टीमने घ्यावं ते हे. मोठं शहर नको, आधी एक चौक दाट करा.

सुरुवात करड्या ठोकळ्यांनी करा. 300 मीटर बाय 300 मीटरची पेठ, नदीचा एक तुकडा, मेट्रोचा एक पट्टा. हिरो म्हणजे एक कॅप्सूल, गोळीच्या आकाराचा साधा ठोकळा. शत्रू तीन प्रकारचे, प्रत्येकाला मारायची रीत वेगळी. पोशाख, नाव, कथा यांना पहिला महिनाभर हात लावू नका. गच्चीचा काठ सुटल्यावरही 80 ते 120 मिलिसेकंद उडी चालू द्या, नाहीतर सगळे म्हणतील की बटण काम करत नाही. मग गेम कधीच न पाहिलेली पाच माणसं बसवा आणि त्यांना काहीही समजावू नका. एकच रस्ता तीनदा पार करायला सांगा, वेळ लिहा, आणि पडल्यावर ते स्वतःवर चिडतात की कंट्रोलरवर ते बघा. तिसरी वेळ पहिलीपेक्षा कमी येत नसेल तर गुरुत्वाकर्षण, हवेतलं वळण आणि उडीची लांबी बदला. एका वेळी एकच आकडा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. काम संपल्याचं सांगितल्यावरही पाचातले तीन-चार जण कंट्रोलर खाली न ठेवता गच्च्यांवरून हिंडत राहिले, की चित्रकाराला बोलवा.